उपशीर्षकं

फिल्म सोसायटीच्या कुलथे सरांनी पेन ड्राइव्ह दिला
बशीत ठेवून, सुपारी द्यावी तसा.
'ब्रिटिश आहे. जरा... मोकळी आहे.
तुम्ही मराठी करा. संवाद फार नाहीत.'

नव्हतेच.
दोघं गर्दीत उभं राहून बँड ऐकतात,
घरी येतात, कपडे काढतात,
पुन्हा गर्दी, पुन्हा घर.
माझ्या वाट्याला आली एकशे चार वाक्यं,
त्यातली अकरा 'कॉफी घेणार?' या जातीची.

पंखा बंद करून, हेडफोन लावून बसले.
श्वासाला उपशीर्षक द्यायचं का?
नियमावली म्हणते, द्यावं. तिरप्या अक्षरांत:
धाप लागते.
लिहिलं. खोडलं.
कुणाला लागते, ते लिहायचं राहिलं होतं.

जोएल पाटोळे. शरणपूरचा.
रविवारी चर्चमध्ये कीबोर्ड,
शनिवारी गंगापूर धरणाकडच्या वायनरीत बेस गिटार,
उरलेले पाच दिवस मोहाडीच्या पॅकहाउसात
शून्य अंशाच्या खोलीत
परदेशी निघालेल्या द्राक्षांच्या पेट्या मोजायचा.
हात कायम गार.
पहिल्यांदा माझ्या उघड्या पाठीवर ठेवले
तेव्हा मी अशी किंचाळले
की सकाळी जिन्यात दुसाने काकूंनी विचारलं,
'पाल पडली का गं अंगावर?'
म्हटलं, हो.
मोठी होती.

बेस कानाला कळत नाही, तो म्हणायचा,
बरगडीला कळतो.
म्हणून मी डाव्या स्पीकरला पाठ लावून उभी राहायचे,
फेब्रुवारीची थंडी, हातात प्लास्टिकचा ग्लास,
चपला मळ्याच्या मातीत रुतलेल्या.
तिकडे तारेवर त्याचं बोट दाबलं जाई
आणि इकडे मणक्यात, खालून तिसऱ्या,
जिथे रात्री तो ओठ टेकणार असे,
तिथे आधीच कुणीतरी दार वाजवी.
चारशे माणसं नाचत होती.
आमचं सुरू झालंय, हे एकालाही माहीत नव्हतं.

परतताना सोमेश्वरच्या उतारावर
तो स्कूटरचं इंजिन बंद करायचा.
पेट्रोल वाचतं म्हणे.
कानांत दोघांच्या दडे, आत एक बारीक शिट्टी,
एकमेकांचं काही ऐकूच यायचं नाही.
मग बोलायचं कशाला?
जिभेला दुसरी कामं होती.
घामाला द्राक्षांच्या पेटीतल्या कागदाचा वास,
खांद्यावर गिटारच्या पट्ट्याचा वळ,
त्या वळावरून मी दात फिरवायची, हळू,
हिशेबाच्या वहीत ओळ आखावी तशी.
दोन हंगाम असे गेले.
सगळे मूक प्रसंग.

मग तो गेला इंग्लंडला.
केंटमधल्या कुठल्याशा कोल्ड स्टोरेजात
नाशिकचीच द्राक्षं उतरवून घ्यायला.
दारात म्हणाला, 'येतो.'
एवढं एकच वाक्य मला नीट ऐकू आलं,
आणि तेच खोटं निघालं.

फिल्ममध्ये शेवटी ती बॅग भरते, सांगते, निघाले.
मी टाइप केलं: 'जाते.'
कुलथे सरांनी लाल शाईत दुरुस्ती पाठवली:
'आपल्याकडे येते म्हणतात.'
मी कळवलं, सर, ही येणार नाही.

खेळाला एकोणतीस माणसं.
मध्यंतरात सात उठून गेली, एकाने चिवड्याचे पैसेही दिले नाहीत.
मी पडद्याच्या खालच्या पट्टीकडेच बघत होते,
जिथे माझी अक्षरं यायची,
आणि मोठमोठ्या वेळा काहीच यायचं नाही.
हॉलचे जुने स्पीकर. तरी बेस आला.
खालून तिसरा.

शेजारच्या खुर्चीत दुसाने काकू. कधी आल्या कळलं नाही.
पडद्यावर तो तिच्या पाठीवर हात ठेवतो,
ती दचकते.
काकूंनी पदर सावरला, माझ्याकडे न बघता
माझ्या हातावर हात ठेवला, ऊबदार, खरखरीत,
आणि पुटपुटल्या,
'पाल.'